दहिवर आणि हरळी

पलसाण्यात मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र, निवांत पहाटे हरळी दहिवराने न्हालेली आम्ही पाहतो. रात्री पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा थंड होतात. मग हवेतील बाष्प त्यांवर साचते. पात्याच्या टोकावरील टपोरा थेंब मात्र बहुधा मुळांनी शोषलेल्या पाण्याचाच असतो. दृश्य मनोहर खरे. परंतु ओल फार वेळ टिकली की बुरशीचे बीजाणू रुजतात आणि हिरवळीवर पिवळट डाग पडतात. म्हणून मैदानास पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्यावे, म्हणजे उन्हाबरोबर पाती सुकतात. लांब दोर अलगद ओढून दहिवर झाडावे. ओल्या गवताची कापणी टाळावी. विद्यार्थिमित्रहो, मैदान आपले, मग त्याची निगाही आपणच राखावयास नको काय?