तेल आणि पाणी यांची सीमा : शुद्धीकरणातील स्वयंचलित नियंत्रण

भुईमूग, सरकी, करडई अथवा सोयाबीन यांचे कच्चे तेल खाण्यायोग्य होण्यापूर्वी त्याचा पाण्याशी अनेकदा संबंध येतो. आमटीवर तेलाचा तवंग का येतो हे सांगण्याची गरज नाही. तेल पाण्याहून हलके आहे व ते पाण्यात विरघळत नाही. याच गुणामुळे तेल धुता येते आणि धुतल्यावर पाणी खालून काढून टाकता येते. पाणी संपून तेल सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी तोटी बंद करणे, एवढाच काय तो प्रश्न. परंतु सहकारी तेल गिरण्यांच्या सभासदांचा बराच पैसा याच तोटीतून वाहून जातो, म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे इष्ट होईल.

कच्च्या तेलातील मुक्त स्निग्धाम्ले काढण्यासाठी त्यात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळतात. त्यापासून साबण तयार होऊन तो गाळाच्या रूपाने निमुळत्या बुडाच्या टाकीत खाली बसतो. धंद्यात यास सोपस्टॉक म्हणतात. तो काढल्यानंतर तेल गरम पाण्याने दोन-तीन वेळा धुण्यात येते. तोटी उशिरा बंद झाली तर चांगले तेल गाळाबरोबर अथवा सांडपाण्याबरोबर जाते. ती लवकर बंद झाली तर साबण व पाणी तेलात राहतात. राहिलेला साबण पुढे रंग काढण्याच्या मातीची शक्ती खातो, आणि राहिलेल्या पाण्यामुळे साठवणीत तेलाची आम्लता पुन्हा वाढते. म्हणजे चूक कोणत्याही बाजूस झाली तरी नुकसान ठरलेलेच.

नुकसान किती होते याचा अंदाज सहज करता येईल. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून द्रव दर सेकंदास १ मीटर वेगाने वाहत असेल, तर सेकंदाला जवळजवळ २ लिटर बाहेर पडतात. कामगारास काचेच्या खिडकीतून रंग बदललेला दिसून त्याने चाक फिरवीपर्यंत १० सेकंद गेले, तर २० लिटर तेल गेले. एका घाण्यास तीन धुण्या धरल्यास हा आकडा ६० लिटरवर जातो. अनुभवी कामगार दोन बोटांत द्रव चोळून अचूक सांगतो हे खरे. पण त्याच्या रात्रपाळीतही काचेवर साबणाचे किटण बसलेले असते.

उभ्या नळीची पद्धत

जेथे तेल व पाणी टाकीत अखंड येत राहतात, तेथे सर्वांत साधे स्वयंचलित साधन म्हणजे एक वाकडी नळी होय. टाकीच्या बुडापासून पाण्याची नळी बाहेर काढून वर न्यावी व ठराविक उंचीवर तिचे तोंड मोकळे सोडावे. तेल टाकीच्या वरच्या कडेवरून निघते, पाणी या नळीतून निघते, आणि दोहोंमधील सीमा आपोआप एका जागी स्थिर राहते. यास वीज लागत नाही व हलणारा भागही नाही.

उदाहरणार्थ, तेल बुडापासून १५० सेंटिमीटरवर बाहेर पडते आणि सीमा ६० सेंटिमीटरवर हवी आहे असे समजू. तेलाचे विशिष्ट गुरुत्व ०.९१ धरल्यास वरील ९० सेंटिमीटर तेलाचे वजन ८१.९ सेंटिमीटर पाण्याइतके भरते. त्यात खालचे ६० मिळविता नळीच्या तोंडाची उंची १४१.९ सेंटिमीटर येते. येथे एक गोष्ट विसरू नये. दोन द्रवांच्या जडपणात फरक अवघा ०.०९ असल्यामुळे नळीचे तोंड १ सेंटिमीटर वर केल्यास सीमा सुमारे ११ सेंटिमीटर वर सरकते. म्हणून तोंडाशी आटे पाडलेला व वरखाली करता येणारा तुकडा बसवावा. गवंड्याच्या अंदाजाने ही नळी लावून चालत नाही.

उष्णतेचाही असाच परिणाम होतो. टाकीत ८० अंश सेल्सिअसचे द्रव असून बाहेरची नळी उघडी राहिल्याने तिच्यातील पाणी ६५ अंशांवर आले, तर ते पाणी जड होते आणि सीमा सुमारे १५ सेंटिमीटर वर चढते. नळीस उष्णतारोधक वेष्टण घालणे हा खर्च नसून नियंत्रणाचाच भाग समजावा. तसेच नळीच्या माथ्यास हवेचे छिद्र ठेवावे. ते नसल्यास बंद वाक वक्रनलिकेसारखा वागून टाकीतील पाणी व त्यामागून तेलही ओढून नेतो.

सोयाबीनच्या द्रावक गिरणीत थंड झालेले हेक्झेन व पाणी याच रीतीने वेगळे करतात. हेक्झेनचे विशिष्ट गुरुत्व ०.६६ च्या आसपास असल्याने तेथे सीमा सहसा डळमळत नाही. मात्र त्या ठिकाणी वाफ पेटण्याचा धोका असल्याने विजेचे साधन बसवावयाचेच असेल, तर ते ठिणगी न पाडणाऱ्या प्रमाणित जातीचेच असावे.

विजेची साधने

टाकी एकदा भरून, निवळवून रिकामी करण्याच्या पद्धतीत उभी नळी उपयोगी पडत नाही. तेथे सीमा ओळखून झडप बंद करणारे साधन हवे. तेलात बुडणारा व पाण्यावर तरंगणारा, म्हणजे सुमारे ०.९५ विशिष्ट गुरुत्वाचा तरंगक हा त्यातील जुना प्रकार. त्याला उचलणारे बळ फार थोडे असते व साबण किंवा गोंद चिकटल्याबरोबर तो खोटे सांगू लागतो. सोपस्टॉकसाठी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन धातूच्या दांड्यांचे साधन अधिक बरे. साबणमिश्रित पाण्यातून वीज सहज जाते, तेलातून जवळजवळ जात नाही. दांड्या निकासनळीत झडपेच्या वर बसविल्या म्हणजे तेल येताच प्रवाह तुटतो व झडप मिटते. यासाठी कमी दाबाची उलटसुलट वाहणारी वीज वापरतात, नाही तर दांड्या झिजतात. याहून सुधारलेले साधन द्रवाची विद्युतधारणा मोजते. या बाबतीत तेलाचा अंक ३ च्या सुमारास व पाण्याचा नेहमीच्या तपमानात ८० च्या सुमारास असतो. फरक इतका मोठा असल्याने सीमा चांगली उमटते, आणि दांडीवर बसलेल्या लेपाचा हिशोब वजा करण्याची सोयही अशा काही यंत्रांत असते.

परंतु कोणतेही यंत्र सीमा असेल तरच ती दाखविणार. पुष्कळदा तेल व पाणी यांच्यामध्ये लोण्यासारखा पांढुरका पायसाचा थर राहतो. त्यात पाण्याने तेलाच्या थेंबांस वेढले असेल तर दांड्या त्यास पाणी म्हणतात. तेलाने पाण्यास वेढले असेल तर तेल म्हणतात. दोन्ही उत्तरे चुकीचीच. खनिज तेलाच्या क्षेत्रातही हीच अडचण असून तेथील मोठ्या विभाजकांत क्षकिरणांच्या जातीच्या गॅमा किरणांनी थराथराची घनता मोजण्यापर्यंत मजल गेली आहे. आपल्या गिरण्यांना तो खर्च झेपणारा नाही व त्याची आवश्यकताही नाही. पायस होऊ न देणे हाच आपला मार्ग. धुण्याचे पाणी तेलापेक्षा किंचित अधिक गरम असावे. ढवळणी हळू फिरवावी. विहिरीचे जड पाणी वापरू नये, कारण त्यातील चुन्यामुळे न विरघळणारा साबण होऊन थर घट्ट होतो. थर पडलाच तर वरून थोडे मिठाचे गरम पाणी शिंपडून टाकी निवांत ठेवावी.

झडपेविषयी एक सूचना. पूर्ण उघड्या तोटीतून पाणी वेगाने निघत असता वरचे तेल भोवऱ्यासारखे खाली खेचले जाते आणि सीमा खाली येण्याआधीच ते नळीत शिरते. यास्तव दांड्यांच्या दोन जोड्या बसवाव्यात : वरची टाकीच्या बुडाशी, जिच्या इशाऱ्याने झडप पाऊण मिटेल, व खालची निकासनळीत, जिच्यामुळे ती पूर्ण मिटेल. मधले काही लिटर स्वतंत्र पिंपात घेऊन पुढच्या घाण्यात परत घालावेत.

साधन बसविल्यानंतर त्याचे काम तपासण्यास सांडपाण्याच्या वाटेवर तेलसापळ्याचा हौद असावा. त्यावर जमलेले तेल दर आठवड्यास काढून वजन करावे व ते वजन शुद्ध केलेल्या तेलाच्या वजनाशेजारी वहीत लिहावे. आकडा वाढू लागला की प्रथम दांड्या गरम पाण्याने पुसून पाहाव्यात, नंतर झडपेची बैठक, आणि तारांकडे सर्वांत शेवटी वळावे.