गांजा आणि तरुणांचे हृदय

हृदयविकार म्हणजे पन्नाशीनंतरचे दुखणे, असे आपण धरून चालतो. गांजा तर झाडपाल्याचाच, त्याने काय होणार, असे काही तरुण म्हणतात. हे दोन्ही समज आपण आज तपासून पाहू या.

१. शरीरात काय घडते?

गांजा ओढला की त्यातील टीएचसी हे द्रव्य काही मिनिटांत रक्तात उतरते. नाडी जलद चालते आणि ती दोन-तीन तास तशीच राहू शकते. रक्तदाबही वरखाली होतो. हृदयाचे काम वाढले की त्याला प्राणवायूही जास्त लागतो. नेमक्या त्याच वेळी धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. गांजात तंबाखू मिसळली, तर तिचे दुष्परिणाम वेगळेच.

२. अभ्यास काय सांगतात?

हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ रुग्णांची पाहणी अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झाली. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या ४.८ पट असल्याचे तीत आढळले. २०२१ साली कॅनडातील संशोधकांनी अमेरिकेतील १८ ते ४४ वयाच्या ३३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. मागील महिन्याभरात गांजा घेतलेल्यांपैकी १.३ टक्के लोकांना पूर्वी कधीतरी झटका येऊन गेला होता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होते. एवढ्यावरून गांजा हेच कारण, असे सिद्ध होत नाही आणि हे आकडेही लहान आहेत. पण ज्या वयात झटक्याची शंकाही कुणाला येत नाही, त्या वयाचे ते आहेत.

३. लपवण्याचा धोका

छातीत दुखू लागले तरी मुलगा गप्प राहतो. आईवडील शेजारी उभे असतात, शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा घेणे हा गुन्हा आहे, ही भीतीही असते. मग पित्त झाले असेल म्हणून वेळ जातो. झटक्यात मात्र मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. म्हणून छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ येणे किंवा धडधड न थांबणे यांपैकी काहीही झाले, तर वय न पाहता लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. काय घेतले आणि केव्हा घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पालकांनी त्या वेळी रागावू नये. हवे तर खोलीबाहेर थांबावे. रागावण्यासाठी पुढे वेळ मिळेल, उपचारासाठी मिळेलच असे नाही.

व्यसन सोडण्यासाठी १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मुले अशी गोष्ट आपल्याला निर्भयपणे सांगू शकतील का?
२. नसतील, तर त्यांचा विश्वास मिळवण्यासाठी आपण या आठवड्यात काय करू?