जऊळक्याहून वडधम फॉसिल पार्क: खर्च किती, बचत कुठे?

दगड झालेली झाडं मुलांना दाखवायची, तर गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातलं वडधम गाठावं लागतं. जऊळक्याहून यवतमाळ, चंद्रपूर, आलापल्ली या मार्गानं एका बाजूचं अंतर सुमारे 500 किलोमीटर. त्यामुळे पैसा जातो तो रस्त्यातच. चार दिवस, तीन मुक्काम धरा. जाताना पहिला मुक्काम चंद्रपूरला. आलापल्लीच्या पुढचा रस्ता जंगलातला, तिथं वेळ सैल ठेवा.

स्वतःची गाडी (पाच जण)
फिरणं धरून 1,150 किलोमीटर. लिटरला 15चं अॅव्हरेज आणि 105 रुपयांचं पेट्रोल धरलं, तर सुमारे 8,050 रुपये. खोलीचे दिवसाला 1,800 धरले तर 5,400. जेवणखाण रोज 1,200 प्रमाणे 4,800. वरखर्चासह 20,000 हाताशी ठेवा.

भाड्याची गाडी
किलोमीटरला 14 रुपये आणि चालकाचा भत्ता रोज 400 धरला, तर गाडीचेच 17,700 होतात. टोल, पार्किंग आणि रात्रीचा भत्ता कोणाकडे, हे आधीच ठरवा.

एसटी आणि रेल्वे
आईवडील, सत्तरीची आजी, आठ आणि चार वर्षांची मुलं असं कुटुंब एसटीत अडीच तिकिटांत बसतं. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं, 5 ते 12 वयाच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याखालच्यांना मोफत. आजीचं आधार कार्ड सोबत घ्या. अकोल्याहून चंद्रपूरपर्यंत रेल्वेनं गेलात, तर याच कुटुंबाला स्लीपरची साडेतीन तिकिटं लागतात. ज्येष्ठांची सवलत 2020पासून बंद आहे. आठ वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला, तर त्याचंही पूर्ण भाडं.

बघायचं काय?
खोड दिसतं लाकडासारखं. हात लावला की थंडगार दगड. गाळाखाली गाडलेल्या खोडात पाण्यासोबत सिलिका झिरपली आणि लाकडाची जागा तिनं घेतली. म्हणूनच रेषा तशाच राहिल्या. त्या बघायला घरातलं भिंग न्या. खडाही उचलू नका. वनखात्याचा गुन्हा अंगाशी येईल. याच खेपेत कमलापूरचा हत्ती कॅम्प बघून होतो.

मुलांना डायनासोरच हवा असेल तर
मग हैदराबादचं बिर्ला सायन्स म्युझियम बरं. सिरोंचाच्या पलीकडे तेलंगणात सापडलेल्या कोटासॉरसचा सांगाडा तिथं उभा आहे. वाशीमहून थेट रेल्वे आहे, गाडीभाडं वाचतं. एकाच दिवसाची सवड असेल, तर मेहकरमार्गे लोणार. तिथं जीवाश्म नाहीत, पण सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं उल्काविवर आहे.

निघण्याआधी
पार्कच्या वेळा आणि शुल्क सिरोंचा वनविभागाकडे विचारा, मगच खोलीचे पैसे भरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पुरानं वाट अडली, तर मुक्काम वाढतो आणि वरच्या हिशेबात रोज किमान 3,000 रुपयांची भर पडते.