मुकुटबनची गाडी बर्फात

सुरुवातीलाच एक कबुली. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे मराठीत तांत्रिक लेख लिहायचा म्हटल्यावर घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घेतलं आहे. मजकूर मात्र माझा आहे, आणि आमच्या घरच्या फजितीतून आलेला आहे.

माझं गाव मुकुटबन, तालुका झरी-जामणी, जिल्हा यवतमाळ. चुनखडी, कोळसा आणि ऊन या तीन गोष्टींची आमच्याकडे कमी नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बर्फ आम्ही पाहतो तो फक्त रसवंतीवर. मग बर्फात गाडी चालवण्याचा लेख मुकुटबनच्या मुलीने का लिहावा? कारण आमच्या जवळच्या पांढरकवड्यावरून जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४. पूर्वी त्याला ७ नंबर म्हणत. हाच रस्ता नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली करत थेट श्रीनगरला जातो. अंबाल्याला तो सोडून चंडीगडकडे वळलं की पुढे मंडी, कुल्लू, मनाली. सुमारे अठराशे किलोमीटर. परीक्षा संपली की आपल्या हॉस्टेलमध्ये हाच बेत शिजतो आणि स्टाफमधले सरही सुट्टीत सहकुटुंब तिकडेच निघतात.

आम्हीही निघालो. डिसेंबर २०२४. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. निघण्याआधी बाबांनी गाडी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, नळाचं पाणी ओतलं आणि म्हणाला, "बिनधास्त जा भाऊ, एकदम ओके हाय." त्या 'ओके'ची किंमत आम्हाला सोलंगला कळली.

काय झालं?

त्या आठवड्यात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक जोराचा बर्फ पडला आणि शेकडो गाड्या अडकल्या. त्यात आमचीही एक होती. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. तिथून उतरताना पुढची गाडी घसरली, मागे रांग लागली आणि अंधार पडला. बाबांनी काचा बंद केल्या, इंजिन चालू ठेवलं आणि हीटर लावला. तासाभराने आई म्हणाली, "डोकं लय दुखून राहिलं." भाऊ झोपेला आला होता. आम्हाला वाटलं, उंचीमुळे असेल. तेवढ्यात एका स्थानिक टॅक्सीवाल्याने काचेवर जोरात थाप मारली आणि मागे बोट दाखवलं. आमचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला होता. त्याने आधी इंजिन बंद करायला लावलं, चारही दारं उघडली आणि आम्ही पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाने बर्फ उकरला. आईला उलटी झाली, मग हळूहळू बरं वाटलं. तो माणूस आला नसता तर हा लेख लिहायला मी नसते, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

रात्री उशिरा पोलिसांनी वाट मोकळी केली आणि आम्ही मनालीत पोचलो. सकाळी गाडी सुरू होईना. रेडिएटरजवळच्या कूलंटच्या बाटलीत बर्फाचा गोळा! तिथल्या मिस्त्रीने तो पाहून एकच प्रश्न विचारला, "यात पाणी कुणी भरलं?" बाबा गप्प.

परत आल्यावर मी एकेक गोष्ट पुस्तकाशी ताडून पाहिली. तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडची गाडी बर्फात फसते त्याचं मूळ बरेचदा आपल्या उन्हाळ्यात असतं. उन्हाने केलेलं नुकसान आपल्याकडे झाकून राहतं, थंडीत ते उघडं पडतं. म्हणून तयारी मनालीत करायची नसते, घरीच करायची असते.

१. कूलंट

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनच्या लोखंडाला किंवा रेडिएटरच्या नळ्यांना ते झेपत नाही, तडा जातो. म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असेल तर ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. आता आपण काय करतो? मे महिन्यात पातळी उतरली की नळाचं पाणी ओततो, परत उतरली की परत ओततो. ग्लायकॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आलं तर गोठणबिंदू उणे ८ च्या जवळ येतो, आणखी घटलं तर उणे ३-४ वर. मनालीच्या डिसेंबरातल्या रात्रीला तेवढं पुरतं.

वर आमचं पाणी चुनखडीतलं. बोअरच्या पाण्याने भांड्यावर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणजे गाडी उन्हाळ्यात तापते, म्हणून अजून पाणी ओततो! गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच वापरा. ते घट्ट स्वरूपात मिळत असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. कूलंट टेस्टरने गोठणबिंदू मोजून मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बाटलीत बर्फ दिसलाच तर सेल्फ मारत बसू नका, आधी वितळू द्या.

२. बॅटरी

बॅटरीला मारते उष्णता आणि बदनाम होते थंडी. विदर्भाच्या दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्या प्लेटा झिजलेल्या असतात, पण गरम इंजिन सहज फिरतं म्हणून कळत नाही. शून्याच्या आसपास रासायनिक क्रिया मंदावते, उणे १८ ला तर चांगल्या बॅटरीचीही क्षमता जवळपास निम्मी होते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. निघण्याआधी लोड टेस्ट करून घ्या. जुनी असेल तर इथेच बदला.

३. टायर आणि हवा

हे गणित मला फार आवडलं. मुकुटबनला ३० अंशांवर ३३ पीएसआय हवा भरली आणि पारा उणे ५ वर गेला, तर वायूच्या नियमाने दाब साधारण २७-२८ वर येतो. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे तीन हजार मीटरवर गेज ३२ च्या आसपास दाखवतो! खाली मनालीत ३०-३१. म्हणून अंदाज नको, सकाळी टायर थंड असताना मोजा आणि कंपनीने सांगितलेला दाब ठेवा.

आता पकड. ताशी ४० किलोमीटर वेगाने ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७) गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबते, दबलेल्या बर्फावर (०.२) ३१ मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर (०.१) ६३ मीटर. ब्रेक तेच, ड्रायव्हर तोच! आपल्या साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, उन्हात वाळलेलं जुनं रबर तर आधीच कडक असतं. म्हणून साखळ्या सोबत ठेवा, आणि त्या इंजिनची ताकद जाते त्याच चाकांना लावा. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाकं असतात. साखळी लावण्याचा सराव घरच्या अंगणात करा. बर्फात बोटं वळत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

४. वायपर, काच आणि हँडब्रेक

उन्हाने चिरलेलं वायपरचं रबर बर्फात पहिल्याच फेरीला साथ सोडतं. काच धुण्याच्या टाकीतही साधं पाणी नको, न गोठणारं द्रव भरा. काचेवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, गरम पाणी ओतलंत तर काच तडकू शकते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकू शकतो. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

५. डिझेलवाल्यांसाठी

आमची गाडी पेट्रोलची होती. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते जमून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रवाहबिंदू उन्हाळ्यात जास्तीत जास्त १५ अंश आणि हिवाळ्यात ३ अंश असतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलं. तेव्हा टाकी सपाटीवर फुल्ल करून वर जाऊ नका, थंड भागातल्या पंपावर भरा.

६. अडकलात तर

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या बातम्यांत थंडीसोबत या वायूचंही कारण सांगितलं गेलं. म्हणून आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करा, मगच इंजिन लावा. तासातून दहाएक मिनिटं पुरे. वारा येतो त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बर्फ पडत असेल तर दर वेळी परत उतरून बघा. सगळे एकदम झोपू नका. डोकं दुखलं, मळमळलं, गुंगी आली की इंजिन बंद आणि सगळे बाहेर. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, सुका खाऊ आणि पाणी हवंच. पोळ्यांच्या डब्यावर भरवसा ठेवू नका, दर वेळी थाप मारणारा माणूस भेटेलच असं नाही.

त्या टॅक्सीवाल्याचं नावही आम्ही विचारलं नाही, याची बाबांना अजून चुटपुट लागते. आता मे महिन्यात, भर उन्हात, ते कूलंट टेस्टर घेऊन बॉनेटमध्ये डोकं घालतात. शेजारी विचारतात, "काहून हो, कुठं चालले का?" बाबा म्हणतात, "नाही, पण गेलोच तर?"

तर दोस्तहो, तुम्हीही जा, जरूर जा. आणि हो, बाटलीतलं पाणी प्यायला ठेवा, रेडिएटरला नको!