बारावीनंतरची शिष्यवृत्ती : फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नसतं



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचे पालक भेटायला आले. मुलगी आमच्याकडून बारावी करून बी.एस्सी.ला गेलेली. वडील म्हणाले, "सर, फॉर्म त भरला व्हता. मंग पैसे काहून नाई आले? कॉलेजवाले आता पुरी फी मागून रायले."

लॉगिन उघडायला बसलो तर पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मोबाइल नंबर टाकलेला होता तो फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा. त्याला शोधून काढला, लॉगिन केलं, तेव्हा कळलं की अर्ज दुरुस्तीसाठी कधीच परत आलेला होता. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडला होता, एवढंच कारण. दुरुस्तीची मुदतही उलटून गेली होती. त्या वर्षीची फी वडिलांनी तूर निघण्याआधीच व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरली.

मुलगी पात्र होती, योजना होती, सरकारकडे पैसाही होता. तरी शिष्यवृत्ती मिळाली नाही. तेव्हापासून मी बारावीच्या वर्गात जानेवारीतच दोन तास या विषयासाठी राखून ठेवतो. त्या दोन तासांत जे सांगतो, तेच इथे मांडतो आहे. आपल्या वर्गात किंवा घरात उपयोगी पडावं, हा हेतू.

१) आधी योजना ओळखा

महाराष्ट्र शासनाच्या दहावीनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरले जातात. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा अनेक विभागांच्या योजना तिथे एकत्र आहेत. विद्यार्थ्याने एकदा प्रोफाइल नीट भरली की तो कोणत्या योजनांना पात्र ठरू शकतो हे पोर्टलच दाखवतं. पण प्रोफाइलमध्ये प्रवर्ग, उत्पन्न किंवा अभ्यासक्रम चुकला, तर योग्य योजना यादीत दिसतच नाही. मग मुलं म्हणतात, "माझ्यासाठी काहीच नाही."

आपल्या भागात ज्या योजना जास्त लागतात त्या अशा:

• भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना १९४४ पासून चालू आहे. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ही अकरावीपासून लागू होते, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतं. विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी अशीच वेगळी योजना आहे. आपल्याकडच्या बंजारा समाजातल्या मुलांनी ती पाहावी.

• शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सवलत, म्हणजे ज्याला आपण 'फ्रीशिप' म्हणतो. उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त झालं म्हणून नाद सोडू नका, ही योजना तपासा.

• राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. साधारणपणे निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरती ही मर्यादित आहे.

• डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. वऱ्हाडात ज्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि जे पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, त्या भाऊसाहेबांचं नाव असलेली ही योजना आपल्याच जिल्ह्यात कमी माहीत असावी, याची खंत वाटते. सोयाबीन-तुरीच्या पाच एकरांवर घर चालवणाऱ्यांची मुलं आपल्या वर्गात किती आहेत, मोजून पाहा.

• वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खोली भाडं आणि जेवणाचा खर्च भागवायला या योजना आहेत. शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असावा.

• मुलींसाठी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. "मुलीला इंजिनिअरिंगला पाठवायला पैसा कुठून आणू" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला हे सांगा.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीला चांगले गुण आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल, तर तिथली केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती पाहावी. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला बारा हजार मिळतात. मात्र एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. दोन्ही अटी वाचूनच निवड करा.

एक सावधगिरीची गोष्ट. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेला प्रवेशच बहुतेक योजनांत धरला जातो. "लाइनीत कशाला लागता, सीट पक्की करून देतो" म्हणणारे एजंट जून महिन्यात गावोगाव फिरतात. व्यवस्थापन कोट्यातली ती सीट पक्की असेलही, पण शिष्यवृत्तीचा दरवाजा तिथे बंद होतो.

२) कागद निकालाआधी जमवा

निकाल लागला की सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते. म्हणून ही कामं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका.

उत्पन्नाचा दाखला: तहसील कार्यालयाचा. याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे हा एकच कागद एप्रिल उजाडल्यावर काढायचा. वर सांगितलेल्या मुलीचं गाडं इथेच अडलं.

अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर: आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज होतो. पावती सांभाळून ठेवा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत असते आणि ती उलटली तर अपील करता येतं.

जात वैधता प्रमाणपत्र: सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद हाच. व्यावसायिक शिक्षणाकडे जाणार असाल तर अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज टाका. अनुसूचित जमातीची प्रकरणं मात्र वेगळ्या समितीकडे जातात.

वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद पाहिली जाते. आजोबा-पणजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा किंवा फेरफार, यातलं काही ना काही बहुतेक घरांचं सापडतं. लक्षात ठेवा, आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा अकोला असणारच. ते पाहून "हा आपला कागद नाही" म्हणून बाजूला टाकू नका. रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका किंवा चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा, काम सोपं होतं.

नावाचा मेळ: गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्याने बिघडत नाही. पण एका ठिकाणी 'ज्ञानेश्वर' आणि दुसरीकडे 'दन्यानेश्वर', किंवा जन्मतारखेत फरक, हे मात्र अडवतं. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या.

३) बँक खात्याचा घोळ

"सर, आधार लिंक हाय बँकेले," असं सगळेच सांगतात. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, ती झाली ओळख पटवणं. शिष्यवृत्ती यायची तर त्या खात्याची आधारशी जोडणी राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेत नोंदवावी लागते. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. शेवटी जी बँक जोडली, पैसा तिकडे जातो. सिमकार्ड घेताना किंवा बाजारात कुणाच्या टेबलावर अंगठा देऊन नकळत दुसरंच खातं उघडलेलं असतं आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडते. घरचे मात्र जुन्या पासबुकावर एंट्री मारत बसतात.

उपाय सोपा आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. कोणती बँक जोडली आहे आणि ती चालू आहे का, ते कळतं. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं. वडिलांचं चालत नाही.

४) अर्ज भरताना

फॉर्म कुठेही भरा, पण मोबाइल नंबर घरचाच टाका. युजरनेम आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि त्याचा फोटो आईच्या मोबाइलवरही ठेवा. दुकानदार वाईट असतो असं नाही. त्याच्याकडे शेकडो फॉर्म असतात, आपला निरोप आपल्यापर्यंत पोचवणं त्याला शक्य नसतं.

अभ्यासक्रमाचं नाव, प्रवेशाचं वर्ष आणि फीची रक्कम प्रवेश पावती समोर ठेवून भरा. वसतिगृहात राहत असाल तर तशी नोंद करा, कारण निर्वाह भत्त्याचा दर त्यावर ठरतो. अनुसूचित जातीच्या योजनेत २०२१ च्या सुधारित दरांप्रमाणे हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला अडीच हजारांपासून साडेतेरा हजारांपर्यंत आहे. मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र जोडा. झेरॉक्सची झेरॉक्स अपलोड करू नका. मूळ कागदाचा स्वच्छ फोटो काढा, शिक्का आणि क्रमांक वाचता आला पाहिजे.

५) खरं काम 'सबमिट' नंतर सुरू होतं

अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, तिथून विभागाच्या कार्यालयाकडे जातो. यातल्या कोणत्याही टप्प्यावरून तो त्रुटीसाठी परत येऊ शकतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहायची. आम्ही वर्गात '१ आणि १६ तारीख' असा नियमच केला आहे. छापील प्रत आणि कागद कॉलेजात जमा करून पोच घ्या. अर्ज महिनाभर कॉलेजच्या टेबलावरच दिसत असेल तर नम्रपणे, पण लेखी विचारा.

पैसा आल्यावरही एक काळजी घ्या. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात निर्वाह भत्त्यासोबत कॉलेजची फीसुद्धा असते. घरात बियाण्याची नड असते, दवाखाना असतो, रक्कम खर्च होऊन जाते. मग वर्षाच्या शेवटी कॉलेज फी मागतं आणि घरात भांडणं होतात. आलेल्या रकमेतली फी किती, भत्ता किती, हे त्याच दिवशी कॉलेजात विचारा, फी भरा आणि पावती घ्या.

आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण! शिष्यवृत्ती एकदा मिळाली की आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी नवी गुणपत्रिका आणि गरज असेल तिथे नवा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. हजेरीची अटही असते.

६) वर्गात करून घेण्यासारखा उपक्रम

प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान लिहून घ्या: माझा प्रवर्ग, घरचं उत्पन्न, शेती किती, मला लागू होणाऱ्या दोन योजना, माझ्याकडे असलेले कागद, नसलेले कागद आणि ते कोण, कधी काढणार. शेवटच्या ओळीवर पालकांची सही. हे पान पालकसभेत समोर ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांच्या 'नसलेले कागद' या रकान्यात तीन-तीन नावं होती. एप्रिलपर्यंत ती एकावर आली. यात कुणाची हुशारी नव्हती, फक्त वेळ हाताशी होता.

बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाता आलं ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे, हे आपण वर्गात शिकवतोच. तो धडा शिकवताना समोरच्या बाकावरच्या पोरीचा उत्पन्नाचा दाखला निघाला का, हेही विचारलं पाहिजे.

त्या तांड्यावरच्या मुलीने पुढच्या वर्षीचा अर्ज माझ्यासमोर बसून स्वतः भरला, स्वतःच्या नंबरवर. तो मंजूर झाला. आधीच्या वर्षाचे पैसे मात्र परत आले नाहीत. आपल्या वर्गातल्या कुणाचं असं वर्ष जाऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच. आपल्या शाळेतल्या बारावीच्या वर्गशिक्षकांपर्यंत तो जरूर पोचवा.