लहान मुलांस शौचाची संवय : धीर केव्हां धरावा, वैद्य केव्हां गांठावा

पाठ : इफिसकरांस पत्र ६:४

ज्या गोष्टी मंडळींत बोलावयास आईबापांस संकोच वाटतो, त्यांपैकीं ही एक आहे. चार-पांच वर्षांचें मूल वस्त्रें घाण करितें. शेजारी नांवें ठेवितात. शब्बाथशाळेंत इतर मुलें त्याजपासून दूर बसतात. आणि घरीं त्यास मार मिळतो. वरील वचनांत पौल प्रेषित मुलांस खिजविण्याचा निषेध करितो व त्यांच्या संगोपनाचा भार बापांवर घालितो. म्हणून हा विषय केवळ मातांचा नव्हे.

१. वय. बहुतेक मुलें दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिवसां कोरडीं राहूं लागतात. रात्रीचा ताबा मागाहून येतो. पांचव्या वर्षीं शेंकडा सुमारें १५ मुलें अंथरूण ओलें करितात. त्यांपैकीं बहुतेकांचें हें वयाबरोबर आपोआप थांबतें. झोपेंत घडणारी गोष्ट मूल हट्टानें करीत नाहीं. तीस पाप म्हणणें अन्याय होय. मूल सुमारें दोन तास कोरडें राहूं लागलें, आपली गरज सांगूं लागलें व चड्डी स्वतः खालीं करूं लागलें, म्हणजे शिकविण्यास आरंभ करावा.

२. खरें कारण. पुष्कळदां मूळ मलावरोधांत असतें. एकदां खडा होऊन दुखलें कीं मूल भिऊन शौच रोखून धरितें. रोखल्यानें मळ अधिकच कठीण होतो, आंतडें ताणलें जातें, आणि वेग आल्याची जाणीवच मंदावते. मग कठीण मळाच्या बाजूनें पातळ मळ झिरपून वस्त्रास लागतो. आईबाप त्यास आळस अथवा हगवण समजतात. मारल्यानें भय वाढतें, व भयानें मूल अधिकच रोखतें.

३. घरचा उपाय. जेवणानंतर आंतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. म्हणून जेवण झाल्यावर मुलास पांच-दहा मिनिटें बसवावें. पाय जमिनीवर नीट टेकलेले असावेत. मोठ्यांच्या शौचकूपांत पडण्याची भीति वाटत असेल तर हात धरावा. अंधारांत एकटें धाडूं नये. पाणी, पालेभाजी, भाकरी, पपई द्यावी. बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. चूक झाल्यास मुकाट्यानें धुवावें. बाळाची विष्ठा निरुपद्रवी असते ही समजूत खोटी आहे. ती शौचकूपांतच टाकावी व साबणानें हात धुवावे.

४. दवाखान्यांत केव्हां न्यावें? चार वर्षांनंतरही वस्त्रांत शौच होत असेल; पांच वर्षांनंतर दिवसां लघवी होत असेल; सहा महिने कोरडें राहिलेलें मूल पुन्हां ओलें करूं लागलें असेल; अथवा लघवी थेंबथेंब गळत असेल, तर न्यावें. लघवीस जळजळ व ताप, शौचांत रक्त, पायांत अशक्तपणा, यांपैकीं कांहींही दिसल्यास विलंब करूं नये. फार तहान, पुष्कळ लघवी व अंग रोडावणें हीं मधुमेहाचीं चिन्हें असूं शकतात. तसेंच पोट फुगून वांत्या होणें हें संकट होय. अशा वेळीं त्याच दिवशीं न्यावें. पोटावर डागणें, अंगारा लावणें यांत अमोल वेळ जातो. वैद्यानें मळ मऊ करण्याचें औषध दिल्यास तें कांहीं महिने लागूं शकतें. बरें वाटतांच आपल्या मनानें बंद करूं नये.

आशा कार्यकर्ती अथवा अंगणवाडी सेविका यांस विचारिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट त्या दाखवितील. सन २०१३ मध्यें सुरूं झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाडींत मुलांस तपासतात. त्यांस ही अडचण निःसंकोच सांगावी.

उपदेशक बंधूंनीं घरभेटीच्या वेळीं हा विषय हळुवारपणें काढावा, व मुलासमोर त्याची चर्चा करूं नये. लज्जेनें कोपऱ्यांत बसलेलें लेंकरूं शब्बाथशाळेंत पुन्हां इतरांच्या शेजारीं बसलें, तर ती मंडळीची सेवाच होय.

विचारासाठीं प्रश्न
१. मूल शौच कां रोखून धरितें?
२. मार दिल्यानें अडचण कां वाढते?
३. कोणतीं चिन्हें दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा?
४. आपल्या मंडळींत असें एखादें मूल दूर बसत आहे काय? त्याच्या घरीं कोण जाईल?