जिबुती : उजाड भूमी, भरलेले बंदर

मानखुर्दच्या हायवेवर उभे राहिले की न्हावाशेवाकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र दिसतात. त्यातला काही माल अशा एका बंदरावर उतरतो, ज्याचे नाव आपल्या बाजारात फार थोड्यांना ठाऊक आहे. ते नाव म्हणजे जिबुती. आफ्रिकेशी कापडाची तिजारत करू इच्छिणाऱ्या बांधवांनी हा मुलूख समजून घेणे फायद्याचे आहे.

मुलूख कसा आहे?

जिबुतीचे क्षेत्रफळ सुमारे २३,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तेरावा हिस्सा. लोकवस्ती दहा लाखांच्या आसपास, बहुतेक सर्व मुसलमान. सोमाली (इस्सा) आणि अफार या मुख्य जमाती असून फ्रेंच व अरबी या सरकारी भाषा आहेत. २७ जून १९७७ रोजी हा देश फ्रान्सच्या अमलातून स्वतंत्र झाला.

तेथे वर्षाचा पाऊस सरासरी १५० मिलिमीटरच्या आसपास. एवढा तर मुंबईत जुलैच्या एका दिवसात पडतो. बारमाही नदी नाही, शेती नावापुरती. असाल सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५५ मीटर खाली असून त्याच्या काठी मीठच मीठ आहे. धान्य बाहेरून येते. बरीचशी वीज इथिओपियाकडून येते आणि २०१७ पासून पिण्याचे पाणीही तिकडून नळाने आणले जाते.

मग पोट कशावर भरते?

उत्तर एकच : जागा. तांबड्या समुद्राचे तोंड असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी येथे जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. सुएझकडे जाणारी जहाजे याच दारातून जातात. म्हणूनच फ्रान्स, अमेरिका, जपान, इटली आणि २०१७ पासून चीन यांचे लष्करी तळ येथे आहेत. त्यांचे भाडे हीसुद्धा देशाची कमाई आहे. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधून आपल्या लोकांना सोडवून नौदलाच्या जहाजांनी आधी जिबुतीलाच आणले होते.

दुसरी कमाई शेजाऱ्याची. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. १९९८ मध्ये त्या दोघांत युद्ध पेटले आणि असाब बंदराची वाट बंद झाली. तेव्हापासून इथिओपियाचा जवळजवळ सारा समुद्री व्यापार जिबुतीतून होतो. बारा कोटींहून अधिक लोकांच्या बाजाराचा हा दरवाजा आहे. आदिस अबाबापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची नवी विजेची रेल्वे २०१८ पासून चालू आहे.

तेथील फ्रँकचा डॉलरशी भाव १९७३ पासून एकच आहे : एका डॉलरला सुमारे १७७.७ फ्रँक. व्यापाऱ्याला याचा मोठा दिलासा आहे.

आमच्यासाठी धडा

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. भिवंडीच्या कापडाचा एक कंटेनर मी आदिस अबाबाच्या ग्राहकासाठी पाठवला. बिल ऑफ लेडिंगवर माल इथिओपियाला पुढे जाणार असल्याची नोंद राहून गेली. कागद मीच नीट वाचला नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर बंदरात पडून राहिला आणि डेमरेजने सारा नफा खाल्ला.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जिबुती हा दरवाजा आहे, दुकान नव्हे. खरा ग्राहक बहुधा इथिओपियात असतो, तेव्हा मालाचा पुढचा मुक्काम कागदावर स्पष्ट लिहा. दोन, फ्रँक स्थिर असला तरी इथिओपियाचा बिर स्थिर नाही. जुलै २०२४ मध्ये त्याचा भाव मोकळा सोडताच तो कोसळला. डॉलरची तंगी तेथे जुनीच आहे. बँकेचे पक्के एल.सी. हाती आल्याशिवाय माल हलवू नका. तीन, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून जहाजे नेली आणि विमा महागला. भाडे आणि विमा ठरवूनच भाव द्या.

ज्या देशाकडे पाणी नाही, पीक नाही, तो आपल्या जागेची किंमत ओळखून जगतो आहे. पण एकाच ग्राहकावर चालणारे दुकान किती धोक्याचे, हेही त्याच्याकडूनच शिकावे.